बाटलीतला हत्ती, कपाटातला पिंगळा

स्टॉकहोमच्या निसर्गेतिहास संग्रहालयात मद्यार्कात बुडवून ठेवलेला हत्तीचा एक गर्भ आहे. मूळचा तो आल्बर्टस सेबा या ॲम्स्टरडॅमच्या औषधविक्रेत्याच्या संग्रहातला. पुढे स्वीडनच्या राजाकडे गेला. कार्ल लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानं १७५८ साली हत्तीला ‘एलेफास मॅक्सिमस’ हे शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा ज्या पुराव्यांचा आधार घेतला त्यांत हा गर्भ होता. आज ते नाव आशियाई हत्तीचं, म्हणजे आपल्याकडच्या हत्तीचं आहे. पण बाटलीतलं पिल्लू निघालं आफ्रिकन!

यात लिनियसला फार दोष देता येत नाही. त्याच्या लेखी जगात हत्ती एकच होता. आफ्रिकन हत्ती वेगळा आहे, हे ब्लुमेनबाख या जर्मन शास्त्रज्ञानं १७९७ साली मांडलं. मात्र प्राणिशास्त्राचा नियम असा की नाव शेवटी एखाद्या प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेलं असतं. त्याला टाइप स्पेसिमेन म्हणतात. तो नमुनाच भलत्या प्राण्याचा निघाला, तर नावाखालची जमीन सरकते.

लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञ अँथिया जेंट्री यांना या गर्भाचं रूप पाहून शंका आली होती. पण शंका सिद्ध कशी करायची? मोठा हत्ती असता तर दाढ पाहून काम भागलं असतं. आशियाई हत्तीच्या दाढेवर अरुंद, समांतर पट्ट्या असतात; आफ्रिकन हत्तीच्या दाढेवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या. गर्भाला कुठली आलीय अशी झिजलेली दाढ! डीएनए काढायचा प्रयत्न झाला, तोही फसला. अडीचशेहून अधिक वर्षं दारूत राहिलेल्या ऊतीत डीएनएचे इतके बारीक तुकडे झालेले असतात की त्यांतून काही वाचता येत नाही.

मग कोपनहेगनच्या एन्रिको कापेलिनी आणि टॉम गिल्बर्ट यांच्या गटानं प्रथिनांकडे मोर्चा वळवला. प्रथिनं डीएनएपेक्षा चिवट असतात. अमिनो आम्लांची ही साखळी दोन्ही हत्तींत जवळजवळ सारखीच असते, पण काही जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरं बसलेलं असतं. दुसरं आलं की त्या तुकड्याचं वजन बदलतं, आणि असं रेणूंचं वजन मोजणं हेच मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राचं काम. गर्भाच्या ऊतीतले तुकडे मोजले, आणि उत्तर आलं: आफ्रिकन. हे २०१३ साली प्रसिद्ध झालं.

हाच मार्ग हाडांच्या चुऱ्यालाही लागू पडतो, आणि तिथे तो मला अधिक विलक्षण वाटतो. अख्खी कवटी किंवा दातांसकट जबडा हाती असला की जाणकार बरंचसं डोळ्यांनीच सांगतात. (डोळेही फसतात म्हणा. नेब्रास्कात सापडलेल्या एका दाढेवरून हेन्री ओसबोर्न या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञानं १९२२ साली अमेरिकेतला आदिम वानर जाहीर केला होता. काही वर्षांतच ती दाढ पेकारी या डुकरासारख्या प्राण्याची ठरली.) पण संग्रहालयांच्या खोक्यांत बहुतेकदा असतात त्या नुसत्या कपच्या. त्यांच्यासाठी हाडातलं कोलॅजेन हे प्रथिन कामी येतं. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतले दोन हजारांहून अधिक अनोळखी तुकडे असे तपासले, तेव्हा त्यांत जेमतेम अडीच सेंटीमीटरचा एक तुकडा माणसाच्या कुळातला निघाला. कोलॅजेनची धाव तेवढीच; अगदी जवळच्या नातेवाइकांत त्याला भेद करता येत नाही. पुढचं डीएनएनं सांगितलं. ती एक किशोरवयीन मुलगी होती, आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन, म्हणजे माणसाच्या कुळातल्या, आता नामशेष झालेल्या दोन वेगळ्या शाखांची. हा निष्कर्ष २०१८ सालचा.

हत्तीच्या नावाचं पुढे काय झालं? लिनियसनं जुन्या लेखकांचे दाखलेही दिले होते. त्यांतल्या जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकानं १६६४ साली फ्लॉरेन्समध्ये हत्तीचा सांगाडा पाहून त्याचं वर्णन केलं होतं. तो सांगाडा फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात अजून उभा आहे. त्याची तपासणी झाली, तो आशियाई ठरला आणि ‘एलेफास मॅक्सिमस’ हे नाव आता त्याला बांधलं आहे. हा सांगाडा हान्स्केन नावाच्या हत्तिणीचा. सिलोनहून १६३३ साली तिला हॉलंडला नेलं, युरोपभर खेळ करत फिरवलं, रेम्ब्रांटनं तिची चित्रं काढली, आणि १६५५ साली ती फ्लॉरेन्समध्ये मेली. काझीरंग्यापासून केरळापर्यंतच्या प्रत्येक हत्तीचं शास्त्रीय नाव आज या हत्तिणीच्या हाडांवर उभं आहे.

हत्तीच्या प्रकरणात कुणाचा खोटा हेतू नव्हता. वन पिंगळ्याच्या प्रकरणात होता.

वन पिंगळा हे आपल्या सातपुड्याचं घुबड. गावातल्या नेहमीच्या ठिपकेवाल्या पिंगळ्यासारखंच दिसणारं, पण डोक्यावर ठिपके जवळपास नाहीत, पंख-शेपटीवर ठसठशीत पट्टे, आणि पाय दणकट. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचं वर्णन केलं. एकोणिसाव्या शतकातले त्याचे अवघे सात नमुने संग्रहालयांत होते. त्यांतले बरेचसे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं खानदेशात मिळवलेले, शेवटचा १८८४चा. त्यानंतरची एकच नोंद होती: रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला पक्षी. चिठ्ठीवर लिहिलं होतं १९१४, तापीकाठचं मांडवी, गुजरात.

पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी हा पक्षी नीट तपासला. पक्ष्याचं कातडं सोलून त्यात कापूस भरण्याची प्रत्येक संग्राहकाची एक पद्धत असते. चीर कुठे द्यायची, कवटी किती ठेवायची, पंख कसे मिटायचे, टाके कसे घालायचे, हे सवयीनं ठरून जातं. शिवण पाहून शिंपी ओळखावा, तसा सरावलेला डोळा तो हात ओळखतो. मांडवीच्या पक्ष्याचं कातडं दोनदा भरलेलं दिसलं. वरचं काम नवं, पण खाली राहिलेल्या खुणा डेव्हिडसनच्या हाताच्या. लंडनच्या संग्रहालयातून नाहीसा झालेला त्याचाच एक पक्षी माइनर्ट्झहागेननं उचलला होता, उसवून पुन्हा भरला होता आणि त्याला आपली चिठ्ठी बांधली होती. या संग्रहालयानं त्याला परवानगीविना नमुने नेल्याबद्दल पूर्वी एकदा पक्षीदालनात येण्यास बंदीही केली होती. पुढे त्यानं आपला सुमारे वीस हजार कातड्यांचा संग्रह त्याच संग्रहालयाला दान केला, आणि संग्रहालयानं तो घेतला!

चोरी झाली, एवढ्यावर हे थांबत नाही. वीस हजारांतल्या नेमक्या किती चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न आता प्रत्येक अभ्यासकापुढे उभा राहतो. नमुना हरवला तर माहितीत फक्त एक भोक पडतं. खोटी चिठ्ठी मात्र लोकांना कामाला लावते. वन पिंगळा शोधणाऱ्यांसमोर मांडवी हे सगळ्यांत अलीकडचं ठिकाण होतं, म्हणून तिकडे पायपीट झाली आणि पक्षी मिळेना. तो नामशेष झाला असावा, असं बोललं जाऊ लागलं.

मांडवी बाद केल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी फक्त खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरली. आधी पूर्वेकडे शोधलं, तिथे काही लागलं नाही. मग ते आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याच्या बाजूला आले. तिथे २५ नोव्हेंबर १९९७च्या सकाळी, लख्ख उजेडात, एका निष्पर्ण झाडावर वन पिंगळा बसलेला होता. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी.

पुढे तो मेळघाटात दिसला, यावलला दिसला, २०१४ साली मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही सापडला. दक्षिण गुजरातेत डांगच्या जंगलातही त्याची नोंद झाली आहे. ‘म्हणजे माइनर्ट्झहागेन अगदीच चुकीचा नव्हता,’ असं कुणी म्हणेल. पण पक्षी गुजरातेत असणं आणि तो पक्षी गुजरातेतला असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डांगची नोंद डांगमध्ये पाहिलेल्या पक्ष्यांवर उभी आहे. मांडवीच्या चिठ्ठीखालचा पक्षी अजूनही खानदेशातलाच आहे.