मोबाईलच्या आधीची मोजणी

आरोग्य कार्यक्रम लोकांपर्यंत पोचला का, हे आज ॲप पाहून ठरवले जाते. परंतु या मोजणीतील कळीचा प्रश्न, म्हणजे नोंद करणारा कोण आणि ती पडताळणारा कोण, उपकरणांपेक्षा जुना आहे. संख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी 1949 मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकाच वस्तीतील जन्म-मृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या ताडून सुटलेल्या घटनांचा अंदाज काढला जातो. जन्म-मृत्यूंचे दर काढणाऱ्या देशाच्या नमुना नोंदणी पद्धतीतही गावातील नोंदणीदार वर्षभर नोंदी ठेवतो, पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी घरोघर वेगळी पाहणी करतो आणि न जुळलेल्या नोंदींसाठी पुन्हा त्या घरी जावे लागते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1993 पासून नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा जो प्रयोग केला, त्याचे वजन याच शिस्तीमुळे आहे. 39 गावांत सेवा आणि 47 गावे तुलनेसाठी, अशी ती रचना होती. मृत्यूंची नोंद दोन्हीकडे होत होती, म्हणूनच नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष 1999 मध्ये जगाने गांभीर्याने घेतला. त्याआधी न्यूमोनियावर काम करताना याच संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दाईसाठी श्वास मोजण्याचे साधे यंत्र बनवले होते. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटायचे, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. दोन महिन्यांहून लहान बाळासाठी मण्यांची ओळ निराळी होती. माझ्या मते, आरोग्यसेवेतील माहिती-संकलनाचे इतके नेमके साधन क्वचितच पाहायला मिळते.

2011 मध्ये ही घरगुती सेवा देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे आली. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी गृहभेट द्यायची, तक्ता भरायचा आणि त्यावर 250 रुपये मानधन मिळायचे, अशी योजना होती. सेवा देणारीच आपल्या सेवेची साक्षीदार झाली आणि मानधन त्याच कागदावर अवलंबून राहिले. माता-बाल मागोवा प्रणाली 2009 मध्येच सुरू झाली होती. तिने नावनिशीवार नोंदी संगणकावर नेल्या, पण दुसरी यादी आणली नाही. अंगणवाड्यांमध्ये 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे नोंदींचे ॲप आले, तेव्हा महाराष्ट्रातील सेविकांनी निकृष्ट हँडसेट आणि ॲपमध्ये मराठीचा अभाव यांमुळे त्याच वर्षी सरकारी मोबाईल परत केले.