मर्सिडीजवाल्या नाना आणि त्यांच्यानंतरच्या

नायजेरियातल्या लेगॉस शहरातल्या ‘अलारा’सारख्या दुकानांचे फोटो हल्ली वरचेवर दिसतात. आफ्रिकेतल्या उंची फॅशनच्या धंद्यात बायका आता पुढे येत आहेत, असं त्याखाली लिहिलेलं असतं. पश्चिम आफ्रिकेपुरतं तरी हे खरं नाही. तिथे भारी कापडाचा बाजार निदान तीन पिढ्या बायकांच्याच ताब्यात आहे. बदललं ते एवढंच, की त्या काय विकतात आणि त्या मालावर हक्क कोणाचा.

हे कापड म्हणजे वॅक्स प्रिंट. जावा बेटावर हाताने मेण लावून केली जाणारी बाटिक यंत्रावर स्वस्तात काढायची आणि जावातच विकायची, असा डच कारखानदारांचा बेत होता. पण यंत्राच्या छपाईत मेणाच्या जागी वापरलेल्या राळेला तडे जात, त्यांत रंग शिरे आणि कापडभर बारीक रेघा उमटत. जावातल्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, मात्र लोक त्या रेघांवरच खूश झाले. १८९०च्या दशकात एबेनेझर ब्राउन फ्लेमिंग या स्कॉटिश व्यापाऱ्याने तिथे या मालाचा जम बसवला, आणि नेदरलँड्समधल्या हेलमंड गावची, १८४६ साली सुरू झालेली व्लिस्को पुढे या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव झाली. परदेशी कापड या किनाऱ्याला नवं नव्हतंच. कितीतरी आधीपासून गुजरातेतलं सुती कापड युरोपीय जहाजांतून इथे उतरत होतं आणि त्याच्या मोबदल्यात माणसं गुलाम म्हणून नेली जात होती. कापडाच्या देखण्या कहाण्यांतून हा भाग सहसा गाळलेला असतो.

युरोपीय कंपन्यांची गोदामं बंदरात होती, पण माल गावोगाव पोचवायचा तर बाजारात बसणाऱ्या बायकांशिवाय गत्यंतर नव्हतं. या बायका दबून राहणाऱ्याही नव्हत्या. १९३३ साली फ्रेंच वसाहत सरकारने नवे कर लादायला घेतले, तेव्हा टोगोची राजधानी लोमे इथल्या बाजारातल्या बायकांनी रस्त्यावर उतरून शहर हादरवलं होतं. पुढे स्वतंत्र घानाने आयातीवर निर्बंध आणले, शेजारच्या टोगोने जकात कमी ठेवली, आणि वॅक्सचा घाऊक धंदा घानाची राजधानी अक्रा इथून लोमेत सरकला. तिथूनच ‘नाना बेंझ’ पुढे आल्या. नाना हे तिकडे आई-आजीचं मानाचं संबोधन, आणि बेंझ म्हणजे त्यांच्या दाराशी उभी असलेली मर्सिडीज.

त्यांची खरी ताकद गाडीत नव्हती, नक्षीत होती. कंपनी आपल्या नक्षींना नुसते नंबर देई. एखादी नक्षी एखाद्या नानाला बांधून दिलेली असे. ती दुसरीने घाऊक विकायची नाही. कुठल्या गावात कुठला रंग खपेल, लग्नसराईत काय लागेल, मयताला काय नेसतात, हे हेलमंडला बसून कळण्यासारखं नव्हतं. ते या बायका सांगत. नावंही त्याच ठेवत. पिंजऱ्याचं दार उघडं आणि पाखरू बाहेर उडालेलं, अशा एका नक्षीचं नाव आहे ‘तू बाहेर गेलास तर मीही जाईन’. दुसरीचं ‘माझा नवरा कर्तबगार आहे’, आणखी एकीचं ‘सवतीचा डोळा’. नाव तोंडी बसलं की नक्षी वर्षानुवर्षं खपत राही. वाराचा हिशेब आपल्या ओळखीचाच: पूर्ण तागा बारा वार, निम्मा सहा. त्या सहा वारांत पोलकं, नेसायचं वस्त्र आणि वर गुंडाळायचं किंवा डोक्याला बांधायचं आणखी एक, असा जोड होतो. पारखणारी बाई कापड उलटून बघते, कारण अस्सल वॅक्सला उलट-सुलट नसतं, आणि काठावरची कंपनीच्या नावाची अक्षरं कातरणार नाही याची शिंप्याला ताकीद देते.

नानांकडून माल उधारीवर उचलणाऱ्या बायका तो बेनिन, नायजेरिया, बुर्किना फासोपर्यंत नेत. सरकारी समारंभांना पाहुण्यांसाठी गाड्या कमी पडल्या तर टोगोचं सरकार नानांच्या मर्सिडीज मागून घेई. त्यांचं कौतुक करताना एक गोष्ट विसरू नये: या मूठभर बायका होत्या, धंदा मक्तेदारीचा होता, आणि टोगोचे राष्ट्राध्यक्ष एयादेमा यांच्या हुकूमशाहीशी त्यांचं बरं जमत होतं. घानात नेमकं उलट घडलं. महागाईचं खापर बाजारातल्या बायकांवर फोडून तिथला लष्करी सत्ताधीश रॉलिंग्ज याच्या सैनिकांनी ऑगस्ट १९७९मध्ये अक्रातला मकोला बाजार जमीनदोस्त केला. त्या जागी गाड्यांचा तळ झाला आणि त्याला नाव मिळालं रॉलिंग्ज पार्क.

लोमेतल्या नानांचा कणा मोडला तो १९९० नंतर. १९९२च्या अखेरीस सुरू झालेला सार्वत्रिक संप कित्येक महिने चालला. मग जानेवारी १९९४मध्ये टोगोत चालणाऱ्या सीएफए फ्रँक या चलनाची किंमत एका झटक्यात निम्मी केली गेली. डच कापड रातोरात दुप्पट महाग झालं. पाठोपाठ चिनी नकला आल्या, आणि पुढच्या पिढीतल्या बऱ्याच जणींनी थेट चीन गाठून तोच माल आणायला सुरुवात केली. व्लिस्कोने पुढे स्वतःचीच चकचकीत दुकानं थाटली. जानेवारी २०१३मध्ये लोमेच्या मुख्य बाजाराची इमारत आगीत गेली, पण तोवर जुनी घडी विस्कटलेलीच होती. नक्षीचा हक्क शेवटी कंपनीने दिलेला होता. कंपनीला गरज उरली नाही तेव्हा तोही उरला नाही.

दुसरा धागा लेगॉसचा. शादे थॉमस-फाम लंडनला गेल्या नर्सिंग शिकायला आणि सेंट मार्टिन्समध्ये फॅशन शिकून १९६०मध्ये, नायजेरियाच्या स्वातंत्र्याच्या वर्षी, परतल्या. त्यांनी लेगॉसमध्ये बुटीक काढलं आणि आसो ओके, अदिरे ही देशी कापडं घेऊन कपडे शिवले. कमरेला गुंडाळायच्या वस्त्राला चेन लावली, आणि डोक्याला बांधायचं, ‘गेले’ नावाचं फडकं आधीच बांधून तयार विकलं. नोकरीवर जाणाऱ्या बाईला सकाळी आरशासमोर अर्धा तास मिळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. कापड, शिलाई आणि दुकान हे सगळं एकाच बाईच्या हातात. लोमेच्या नानांकडे हे कधीच नव्हतं.

आजची मंडळी याच वाटेवरची आहेत. लिसा फोलावियो यांनी २००५पासून साध्या अंकारा (वॅक्स प्रिंटचं नायजेरियातलं नाव) कापडावर मणी-टिकल्यांचं हातकाम करून त्याला उंची पोशाखाचा भाव मिळवून दिला. ओमोयेमी अकेरेले यांनी २०११मध्ये लेगॉस फॅशन वीक सुरू केला. रेनी फोलावियो यांची, डेव्हिड अजाये यांनी रचलेली अलाराची इमारत २०१५मध्ये उघडली. तिथे युरोपातल्या बड्या नावांशेजारी आफ्रिकन डिझायनरांचा माल मांडलेला असतो. गंमत म्हणजे या तिघींचंही शिक्षण कायद्याचं.

पैशाचा दर मात्र त्यांनाही सोडत नाही. जून २०२३मध्ये नायजेरियाने आपल्या नायरा या चलनाचा दर मोकळा सोडला आणि तो कोसळला. युरोपातून येणारा माल तर महागलाच, पण लेगॉसमध्ये शिवणाऱ्यांनाही सुटका नाही. मजुरी नायरात दिली तरी कापड आणि मणी बरेचदा बाहेरून आणावे लागतात, कारण देशातल्या गिरण्या एकेक करून मिटल्या. कदुनातली युनायटेड नायजेरियन टेक्स्टाइल्स ही मोठी गिरणी २००७मध्येच बंद पडली होती.