जांभ्यात मुरलेलं पाणी जातं कुठे?

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरी मे महिन्यात सड्यालगतच्या, म्हणजे जांभा दगडाच्या सपाट पठारालगतच्या, विहिरी तळ गाठतात. मग खाणी, बोअरवेल, वाढती वस्ती यांवर चर्चा झडते. खडकातून पाणी किती सहज जातं, म्हणजेच त्याची पार्यता किती, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

ती मोजायची रीत फ्रान्समधल्या दिजाँ शहरातली. आँरी दार्सी हा तिथला अभियंता. पाणी गाळायला वाळूचा थर केवढा लागेल, एवढंच त्याला ठरवायचं होतं. १८५५-५६ मध्ये त्याने वाळू भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून पाहिलं. वरच्या-खालच्या दाबातला फरक दुप्पट केला की पाणी दुप्पट येतं, थर दुप्पट जाड केला की निम्मं. बाकी सगळं त्या वाळूच्या गुणावर. शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या १८५६ च्या ग्रंथात हे छापलं गेलं, तेही परिशिष्टात!

नुसती पोकळी असून भागत नाही. चिकणमातीत ती वाळूपेक्षाही जास्त भरते, पण इतकी बारीक की पाणी हलत नाही. खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचे, बांध घालणाऱ्यांना हे दार्सीच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. बांध चिकण चिखलाचा, लाटांच्या माऱ्याला बाहेरून जांभ्याचे चिरे, आणि भरती-ओहोटीच्या पाण्याची ये-जा फक्त मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून.

जांभ्याचं उलटं. चिरा फोडला की आत बोट जाईल अशा वेड्यावाकड्या नळ्या दिसतात. त्यांतून पावसाचं पाणी भराभर उतरतं (इतक्या मोठ्या वाटांना दार्सीचा नियमही नीट लागू पडत नाही), खालच्या पांढरट चिकण थरावर अडतं, आडवं वळतं आणि सड्याच्या कडेला झर होऊन निघून जातं.

डिचोली, सांग्याकडच्या खाणपट्ट्यात पाणी धरून ठेवतो तो जांभ्याखालचा भुकटीसारख्या लोहखनिजाचा थर. खंदक भूजलपातळीच्या खाली गेले, तेव्हा पंप लावून पाणी उपसावं लागलं. दाबातला फरक वाढला आणि भोवतालचं भूजल खंदकाकडे ओढलं गेलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवल्यावर बंद पडलेल्या कित्येक खंदकांत पाणी साचलं. त्यातलं किती बाजूच्या विहिरींपर्यंत मुरेल, हे आता बरंचसं तळाशी बसलेल्या बारीक गाळावर ठरतं.