टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो का?

कोल्हापूरकडच्या खेड्यांत गावरान खुडूक (अंडी उबवायला बसणारी कोंबडी) बसवताना बरेचजण टोकदार अंडी बाजूला काढतात. त्यांतून कोंबडेच निघतात आणि गोल अंड्यांतून तलंगा, म्हणजे माद्या, असा समज. तो खरा नाही. नर की मादी हे कोंबडीच्या बीजावरून ठरतं, कोंबड्यावरून नाही, आणि अंडाशयातून बलक सुटतो तेव्हाच ते ठरलेलं असतं. अंड्याला आकार येतो नंतर, अंडनलिकेत पापुद्रा चढताना. कवचाला पुढं आणखी वीसेक तास लागतात. एका कोंबडीची अंडी बहुधा एकाच घडणीची असतात. त्यामुळं या निवडीत एखाद्या चांगल्या कोंबडीचा वंशच खुंटतो, याचं फार वाईट वाटतं. काढायचीच तर तडकलेली, फार बारकी अंडी काढा. सातव्या दिवशी अंधारात अंडं बॅटरीवर धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं की समजा, पिल्लू धरलंय.