शिक्षकांसाठी संगणक आणि समाजमाध्यमे : काम अडते त्या जागा

आमच्या प्रशिक्षणाला नाव नोंदवलेल्या शिक्षकांनी हे पत्रक वर्गाआधी एकदा वाचावे. संगणक चालू-बंद करण्यापासूनची सगळी माहिती इथे नाही. शिक्षकांचे काम हमखास जिथे अडते, तेवढ्याच जागा घेतल्या आहेत.

मराठी टायपिंग

घरी केलेली प्रश्नपत्रिका शाळेच्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसते. फाइल बिघडलेली नसते. कृतीदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये संगणक आतून इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचेच संकेतांक साठवतो. फॉन्ट त्यांना फक्त मराठी आकार देतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की आतली इंग्रजी उघडी पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेतांक असतो, म्हणून तोच मजकूर मोबाइलवरही नीट दिसतो आणि त्यातला शब्द शोधताही येतो. नवे सगळे काम युनिकोडमध्येच करावे, असे आमचे ठाम मत आहे. जुन्या फाइली फॉन्ट कन्व्हर्टरने बदलता येतात; पण नंतर रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घालाच, चुका तिथेच राहतात.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन या क्रमाने जाऊन मराठी भाषा जोडा. नंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकाच्या मांडणीत पाय मोडायला डी ही कळ आहे. ‘कार्य’मधल्या ‘र्य’साठी जे, डी, स्लॅश; आणि ‘दुसऱ्या’मधल्या ‘ऱ्य’साठी शिफ्टसह जे, मग डी, स्लॅश. हा फरक हाताला बसला की ‘दुसर्या’ असे लिहिण्याची वेळ येत नाही.

एक्सेलमधील याद्या

विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर एक्सेल ते शून्य गाळते. क्रमांक १५ अंकांपेक्षा लांब असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये भरते, आणि मूळ अंक परत मिळत नाहीत. म्हणून क्रमांक भरण्याआधीच तो रकाना निवडून त्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ करा. भरून झाल्यावर स्वरूप बदलून काही उपयोग होत नाही. रकान्यात #### दिसले तर घाबरू नका, रुंदी कमी आहे एवढाच त्याचा अर्थ.

गुणांची यादी पालकांना पाठवताना रकाने लपवून भागत नाही. फाइल हातात आलेला कोणीही लपवलेला रकाना उघडू शकतो. सगळ्यांचे गुण एकत्र पाठवूच नयेत. प्रत्येक पालकाला त्याच्या पाल्याचेच द्यावेत.

व्हॉट्सॲपचा पालकगट

गटातल्या प्रत्येकाला इतरांचे मोबाइल क्रमांक दिसतात. हे नको असेल तर ब्रॉडकास्ट यादी करा; तिच्यातून एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा जातो. मात्र ज्या पालकांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच तो संदेश पोहोचतो. ‘सर, मला आलंच नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. सूचनांच्या गटात संदेश पाठवण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे ठेवा, नाहीतर परीक्षेचे वेळापत्रक शुभेच्छांच्या गर्दीत वर निघून जाते.

परिपत्रकाचा फोटो साधेपणाने पाठवला तर ॲप तो आकुंचित करते आणि बारीक अक्षरे पुसट होतात. पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

गूगल फॉर्मवरील चाचणी

‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा लावली की फॉर्म गूगल खात्यातून साइन-इन मागतो. एकाच फोनवरच्या एकाच खात्यातून दोन भावंडे चाचणी देणार असतील तर दुसऱ्याला फॉर्म भरता येत नाही, प्रतिसाद आधीच दिल्याचे दिसते. तिथे ही मर्यादा काढा आणि नाव, तुकडी, हजेरी क्रमांक हे प्रश्न सक्तीचे ठेवा. मुलांनी वहीचा फोटो अपलोड करावा असा प्रश्न घातला तरी साइन-इन लागतेच. फॉर्म पाठवण्याआधी त्याचा दुवा ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून पाहा; साइन-इन न केलेल्या मुलाला जे दिसेल तेच तुम्हाला दिसेल.

व्हिडिओ आणि मुलांचे फोटो

यूट्यूबवर ‘प्रायव्हेट’ ठेवलेला व्हिडिओ तुम्ही निमंत्रण दिलेल्या खात्यांनाच दिसतो. वर्गासाठी ‘अनलिस्टेड’ सोयीचे: दुवा असलेल्या कोणालाही तो दिसतो, शोधात मात्र येत नाही. पण दुवा पुढे जाऊ शकतो. म्हणून मुलांचे चेहरे असलेला व्हिडिओ अनलिस्टेड ठेवूनही सुरक्षित झाला असे समजू नका.

मुलांचा फोटो टाकण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्या. पूर्ण नाव, शाळेचे नाव आणि चेहरा एकाच पोस्टमध्ये नको. व्हॉट्सॲपचे स्टेटस २४ तासांनी जाते, पण तोवर कोणीही त्याचा स्क्रीनशॉट घेऊ शकतो. शाळेच्या उपक्रमांसाठी शाळेचे स्वतंत्र पान असावे आणि त्याचे किमान दोन ॲडमिन असावेत. एका शिक्षकाची बदली झाली की पान बेवारस होते.

खात्याची काळजी

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून सहा अंकी पिन ठेवा. एसएमएसने येणारा नोंदणीचा सांकेतिक क्रमांक कोणालाही सांगू नका, ओळखीच्या शिक्षकाच्या क्रमांकावरून मागणी आली तरीही. त्यांचे खाते आधीच दुसऱ्याच्या हाती गेलेले असू शकते. शाळेच्या सामायिक संगणकावर काम संपल्यावर ब्राउझर नुसता बंद करू नका, खात्यातून साइन-आउट करा. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबा, पडदा कुलूपबंद होतो.

वर्गाला येताना आपला मोबाइल चार्ज करून आणा, कारण साइन-इनचा सांकेतिक क्रमांक त्यावरच येतो. जुन्या फॉन्टमधली एखादी प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर आणलीत तर ती तिथेच युनिकोडमध्ये करून घेऊ.