हार्ड डिस्क टक्‌टक् का करते?

‘बंद पडलेली हार्ड डिस्क पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी चालू होते.’ हा सल्ला परवा मला पुन्हा एकदा आला, शेवटी हात जोडलेल्या चिन्हासकट. एके काळी त्यात थोडं तथ्य होतं. जुन्या डिस्कमध्ये वीज बंद झाली की डेटा वाचणारं हेड, तो ज्यावर साठवलेला असतो त्या फिरत्या तबकडीवरच टेकायचं. दोन्ही पृष्ठभाग इतके गुळगुळीत, की कधी कधी एकमेकांना चिकटून बसायचे. थंडीने धातू आकसला की ती पकड क्वचित सुटायची. आजच्या बहुतेक डिस्कमध्ये हेड तबकडीच्या बाहेर, एका छोट्या उतारावर चढून विसावतं, म्हणजे चिकटायचा प्रश्नच बराचसा मिटलाय. उलट फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर, चष्म्यावर धरावं तसं, दव धरतं. तरी उपाय टिकून आहे, कारण ज्याला गुण आला तो गावभर सांगतो आणि ज्याची डिस्क कायमची गेली तो गप्प बसतो. अंगाऱ्याचंही असंच असतं.

दवाची एवढी भीती का, ते कळायला आत काय चालतं ते पाहावं लागेल, आणि मला खरं तर त्याबद्दलच बोलायचंय.

साडेतीन इंची डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. तिची कड ताशी जवळजवळ १३० किलोमीटर वेगाने धावत असते. हेड ज्यावर बसवलेलं असतं तो तुकडा, म्हणजे स्लायडर, जेमतेम मिलिमीटरभर लांब. तबकडी फिरताना आपल्याबरोबर हवा ओढते, ती स्लायडरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या तळाखाली कोंडली जाते आणि त्याला वर उचलते. वरून एक नाजूक पट्टी स्प्रिंगसारखी त्याला खाली दाबत असते. या दोघींच्या ओढाताणीत हेड तरंगतं, तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाची रुंदी सुमारे २ नॅनोमीटर असते, त्यावरून अंदाज घ्या.

गंमत पुढेच आहे. साध्या हवेतला रेणू दुसऱ्या रेणूवर आपटण्याआधी सरासरी ६५ ते ७० नॅनोमीटर जातो. याला सरासरी मुक्त पथ म्हणतात. हेडखालची फट त्याहूनही लहान! म्हणजे तिथे रेणू एकमेकांवर कमी आणि भिंतींवर जास्त आपटतात. ‘हवेचा दाब’, ‘हवेचा चिकटपणा’ या शाळेत शिकलेल्या कल्पना गृहीत धरतात की रेणू आपसांत सतत धडकताहेत, म्हणून वंगणाचं रेनॉल्ड्सचं जुनं समीकरण इथे जसंच्या तसं चालत नाही. १९८८ मध्ये फुकुई आणि कानेको या जपानी संशोधकांनी बोल्ट्झमनच्या समीकरणापासून निघून त्याची सुधारित आवृत्ती मांडली. स्लायडरचा तळ आखताना तीच कामी येते. हा परिच्छेद डोक्यावरून गेला तरी बिघडत नाही. लक्षात एवढंच ठेवा, की या फटीपुढे मायक्रोमीटरभराचा धूलिकण किंवा दवाचा थेंबसुद्धा डोंगर आहे. म्हणून डिस्क घरी टेबलावर उघडून दाखवणारे व्हिडिओ पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

आता टक्‌टक्. तबकडीवर डेटाच्या वर्तुळाकार वाटा इतक्या दाटीने असतात की हेड धरणारा हात नेमका कुठे आहे हे बाहेरून मोजून भागत नाही. म्हणून कारखान्यातच प्रत्येक वाटेवर ठरावीक अंतराने खुणा लिहून ठेवतात. हेड त्या वाचतं, ‘किंचित आत सरक’ असा निरोप जातो, चुंबकात बसवलेली तारेची गुंडाळी हात सरकवते. हे सतत चालू असतं. हेडच खराब झालं तर खुणा दिसत नाहीत. मग हात मूळ जागी परततो, आपटतो, पुन्हा शोधायला निघतो. आपल्याला ऐकू येतं ते हे भरकटणं. अशी डिस्क जितका वेळ चालू ठेवाल तितकी तबकडी खरवडली जाण्याचा धोका वाढतो. मात्र वीज अपुरी पडली तरी असाच आवाज येऊ शकतो, म्हणून केबल, पोर्ट आणि अ‍ॅडॉप्टर एकदा बदलून बघा. तरीही टक्‌टक् थांबली नाही, तर लगेच बंद करा. घरचं काम तिथे संपलं.

डिस्क अगदी मुकी असेल, फिरतच नसेल, तर संशय खालच्या सर्किट बोर्डावर. दुसऱ्या तशाच डिस्कचा बोर्ड लावणं आता सहसा पुरत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची मोजमापं बोर्डावरच्या एका चिपमध्ये असतात आणि तीही हलवावी लागते.

घरी खरोखर हाताळता येतो तो तिसरा प्रकार: डिस्क फिरते, दिसते, पण फाइल उघडायला युगं लागतात. डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती स्मार्ट नावाची नोंद दाखवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर लावा आणि १९७ क्रमांकाचा आकडा पाहा. न वाचता आलेले, निर्णयासाठी ताटकळलेले सेक्टर, म्हणजे डेटा साठवायचे छोटे कप्पे, तिथे मोजलेले असतात. ५ क्रमांकावर बदली जागा दिलेले सेक्टर. फक्त १९९, म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा.

१९७ वाढत असेल तर ‘दुरुस्त करा’ म्हणणारं कुठलंही बटण दाबू नका, विंडोजमधलं चेकडिस्कसुद्धा नाही. ते मरणाऱ्या डिस्कवरच लिहायला लागतं. ‘१०० टक्के डेटा परत’ म्हणणाऱ्या जाहिरातींकडे तर वळूच नका. लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू हे मोफत साधन शहाणं आहे. ते आधी सहज वाचता येणारा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतं, अडेल जागा ओलांडून पुढे जातं, कुठे काय राहिलं याचा नकाशा फाइलमध्ये ठेवतं आणि मगच त्या जागांकडे परततं. मध्येच थांबवलंत तरी नकाशावरून पुढे सुरू होतं. फाइली शोधणं, जुळवणं, जे काही प्रयोग करायचे ते सगळे त्या नकलेवर करायचे.