युरोपीय नागरिकांचे परदेशी जोडीदार : व्हिसाचे नियम

युरोपीय संघातील देशाच्या नागरिकाचा पती किंवा पत्नी संघाबाहेरच्या देशाचे नागरिक असतील, तर त्यांच्या युरोपप्रवेशाला लागू होणारे नियम. त्यांचा मुख्य आधार म्हणजे संघाचा २००४ सालचा ३८ क्रमांकाचा निर्देश. तो देशोदेशीच्या कायद्यांत उतरवण्याची मुदत ३० एप्रिल २००६ होती. नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या देशांतही तो लागू आहे.

या निर्देशाचा लाभ संघाचा नागरिक स्वतःच्या देशाबाहेरच्या सदस्य देशात जातो किंवा राहतो तेव्हा मिळतो. जोडीदाराने त्याच्यासोबत जायला हवे किंवा तो असेल तिथे त्याला येऊन मिळायला हवे. जर्मन नागरिकाची भारतीय पत्नी त्याच्यासोबत स्पेनला निघाली तर निर्देश लागू होतो. ती त्याच्यासोबत जर्मनीलाच निघाली तर मात्र जर्मनीचे स्वतःचे नियम चालतात. आपल्याच देशात बायकोला नेणे परक्या देशापेक्षा अवघड ठरावे, ही या व्यवस्थेतील सर्वांत खटकणारी विसंगती आहे.

निर्देश लागू असेल तर व्हिसाचे शुल्क नाही (युरोपातील बहुतेक देशांना सामाईक असलेल्या सामान्य शेंगेन व्हिसाला जून २०२४पासून ९० युरो पडतात) आणि निर्णय जलद गतीने द्यावा लागतो. पासपोर्ट, लग्नाचा पुरावा, संघाचा नागरिक असलेल्या जोडीदाराच्या नागरिकत्वाचा पुरावा आणि त्याच्यासोबत किंवा त्याच्याकडे जात असल्याचा पुरावा एवढे पुरते. बँकेतील शिल्लक, हॉटेलचे आरक्षण, प्रवासविमा हे मागता येत नाही. शेंगेन अर्जावर नोकरी, मालकाचा पत्ता, खर्च कोण करणार अशा रकान्यांपुढे ताराचिन्ह असते. ते रकाने या अर्जदारांना भरायचे नसतात. लग्नाची पत्रिका आणि फोटो यांवर मात्र विसंबू नये. नोंदणीचे प्रमाणपत्र हाताशी असावे.

महाराष्ट्र-गोव्याच्या वाचकाला हा विषय परका नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले अनेक जण आणि त्यांची मुले-नातवंडे पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिक झाली आहेत. अशा नवऱ्यासोबत पॅरिस पाहायला निघालेल्या भारतीय पासपोर्टधारक पत्नीला वरील सवलत मिळते.

स्वदेशी परतण्याबाबतचा महत्त्वाचा निकाल एका भारतीयाच्या प्रकरणात लागला. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रिटिश महिलेशी लग्न केले. दोघांनी १९८३ ते १९८५ जर्मनीत नोकरी केली आणि मग ते ब्रिटनला परतले. १९९२ मध्ये लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाने ठरवले, की दुसऱ्या सदस्य देशात काम करून आलेला नागरिक मायदेशी परतताना जोडीदाराच्या बाबतीत तेच हक्क सोबत आणतो. संघाच्या देशांत हा मार्ग आजही खुला आहे. मात्र त्यासाठी परदेशातील वास्तव्य खरेखुरे असावे लागते. याच न्यायालयाच्या २००८ च्या मेटॉक निकालाने जोडीदाराने आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर राहिलेले असलेच पाहिजे ही आयर्लंडची अट रद्द केली.

यजमान देशाने दिलेले ‘संघाच्या नागरिकाच्या कुटुंबीयाचे निवासकार्ड’ असेल तर इतर सदस्य देशांत नागरिकासोबत जाताना व्हिसाच लागत नाही. २०१४ मध्ये मॅकार्थी खटल्यात ब्रिटनला हेच ऐकावे लागले. कार्ड किंवा व्हिसा नसला तरी सीमेवरून थेट परत पाठवता येत नाही. कागद मिळवण्याची किंवा नाते अन्य मार्गाने सिद्ध करण्याची वाजवी संधी द्यावी लागते. विमान कंपन्या मात्र कागद नसेल तर विमानात चढू देत नाहीत, म्हणून व्हिसा आधीच घेणे शहाणपणाचे.

नकार द्यायचा तर सार्वजनिक सुव्यवस्था, सुरक्षा, आरोग्य किंवा बनावट विवाह यांसारखे कारण हवे, ते लेखी कळवावे लागते आणि त्यावर अपील करता येते.

ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. तेव्हापासून लंडनमधील ब्रिटिश नागरिकाच्या भारतीय पत्नीला पॅरिसला जाताना सामान्य शेंगेन व्हिसा, शुल्कासकट, काढावा लागतो.